पहिली वेलांटी

बाबांनी आईला 'तुम्ही' म्हटलं ती संध्याकाळ मी पाहिली नाही, आईने फोनवर सांगितली. ती कपड्यांच्या घड्या घेऊन खोलीत आली, तर खुर्चीतले बाबा जरा सावरून बसले आणि म्हणाले, "तुम्ही उभ्या का? बसा ना." आई म्हणाली, "चेष्टा करत असतील गं." पण हे बोलताना तिचा आवाज बारीक झाला होता.

चोपन्न वर्षं बाबांनी तिला 'अगं' आणि 'तू' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं, आणि तिने त्यांना 'अहो' सोडून. माणूस आपला की परका, हे आपली भाषा एका सर्वनामात सांगून टाकते. त्या संध्याकाळी बाबा ओरडले नव्हते, चिडले नव्हते. उलट फार अदबीने वागले होते. घरात आलेल्या एका अनोळखी बाईंना त्यांनी बसायला सांगितलं होतं.

बाबांचं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं. छापखान्यात खिळे जुळवले जात होते तेव्हापासून ते संगणकावर पानं लागायला लागली तोपर्यंत ते प्रुफं तपासत राहिले. हातात तांबडी पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा आणि ओळीखाली धरलेली लाकडी पट्टी. निवृत्त झाल्यावरही रोजचं वर्तमानपत्र पेन्सिल घेतल्याशिवाय वाचायचे नाहीत. चुकलेला रफार, गळालेला अनुस्वार, दोनदा पडलेली ओळ, सगळ्याच्या खुणा समासात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी वर्तमानपत्र असं तांबडं होत असेल.

मागे वळून पाहिलं की आधीच्या गोष्टी दिसायला लागतात. तोच प्रश्न तासाभरात चौथ्यांदा. ओळखीच्या रस्त्यावर थबकणं. वस्तूंची नावं जाऊन 'ते हे' उरणं. आम्ही सगळ्याला वय हे उत्तर दिलं. पुढे एकदा त्यांच्या टेबलाचा खण आवरताना मला एक कागद सापडला. त्यांच्या नेटक्या अक्षरात आमची नावं होती. आईचं नाव, पुढे 'पत्नी'. दादाचं नाव, पुढे 'मुलगा, परगावी असतो'. माझं नाव, पुढे 'मुलगी, रात्री फोन करते'. खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे आमच्या आधी त्यांना कळलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फक्त मजकूर हरवू नये म्हणून प्रत काढून ठेवली.

तो कागद माझ्याकडे आहे. त्यात एकही चूक नाही.

डॉक्टरांनी तीस गुणांची ती चाचणी घेतली, १९७५ मध्ये फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली. आज वार कोणता, साल कोणतं, हे तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत चला. बाबांना साल सांगता आलं नाही. तीन शब्दांपैकी एकही परत आला नाही. पण त्या चाचणीत एक जागा अशी असते, जिथे मनाने एक पूर्ण वाक्य लिहायचं असतं. बाबांनी लिहिलं, 'या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे वेळ कळत नाही.' स्वल्पविराम जागच्या जागी, शेवटी पूर्णविराम. एकूण सतरा गुण मिळाले.

निदान अल्झायमरचं झालं. स्मृतिभ्रंश हे लक्षणांच्या समूहाचं नाव, आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर, साधारण साठ ते सत्तर टक्के रुग्णांमध्ये. रक्तवाहिन्यांमुळे होणारा वेगळा, मेंदूच्या पेशींत 'ल्युई बॉडी' नावाच्या प्रथिनांच्या गाठी साचून होणारा वेगळा, मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणारा वेगळा. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कोणता प्रकार आहे यावर पुढे औषधांपासून सगळं ठरत जातं, आणि 'म्हातारचळ' म्हणून सोडून देणारी घरं अजून पुष्कळ आहेत. डॉक्टरांनी समजावलं की अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग फार लवकर पोखरला जातो. हाताला वर्षानुवर्षं बसलेली कामं मात्र मेंदूच्या दुसऱ्या भागांच्या आधाराने चालतात, ती पुष्कळ टिकतात. म्हणून साल गेलं आणि स्वल्पविराम राहिला.

त्या दिवसांत मी रात्री वाचत बसायचे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एकावन्न वर्षांची बाई दाखल झाली होती. आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तिने 'श्रीमती' एवढं लिहिलं आणि पुढचं विसरली. ती म्हणत राहायची, मी स्वतःला हरवून बसले आहे. १९०६ मध्ये ती गेली. त्याच वर्षी अल्झायमरांनी तिच्या मेंदूत काय आढळलं ते ट्युबिंगेनच्या बैठकीत मांडलं, आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरांचं नाव दिलं. तिची मूळ फाइल मात्र कित्येक दशकं कुठेतरी पडून होती, ती १९९५ मध्ये सापडली. मला त्या सगळ्यातून तो 'श्रीमती' एवढाच शब्द दिसत राहिला. पुढे रिकामा कागद.

घरी आम्ही चार वर्षं काढली. 'आम्ही' म्हणते, पण काढली ती आईने. दादा परगावी, मी आठवड्यातून तीन दिवस जाऊन-येऊन. दिवेलागणीची वेळ सगळ्यांत कठीण. उजेड कमी होऊ लागला की बाबा अस्वस्थ व्हायचे, दाराची कडी चाचपायचे. "घरी जायचंय." या आजारात अनेकांचं संध्याकाळी असंच होतं. आधी आम्ही वाद घालायचो, "बाबा, हेच तर आपलं घर." त्याने ते अधिकच घाबरायचे, कारण त्यांच्या लेखी चार अनोळखी माणसं त्यांना डांबून ठेवत होती. मग आम्ही विचारायला शिकलो, "घरी कोण कोण आहे?" ते सांगायचे. त्यांची आई, विहीर, कंदील. सांगता सांगता हात कडीवरून खाली यायचा. त्यांना जागा नकोच होती. जिथे सगळं ओळखीचं होतं ती वेळ हवी होती.

एकदा दोन दिवसांत सगळं एकदम बिघडलं. खोलीत माणसं दिसायला लागली, शब्द तुटायला लागले. आम्हाला वाटलं आजाराने पुढची पायरी गाठली. निघाला मूत्रमार्गाचा संसर्ग. प्रतिजैविकांनी आठवड्याभरात ते पूर्वीइतके सावरले. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. हा आजार हळूहळू उतरतो. तासा-दिवसांत कोसळलं तर आधी शरीरात काय झालंय ते पाहा. संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवं औषध, कुठेतरी दुखणं. त्यांना दुखतंय हे सांगता येत नाही. ते फक्त चिडतात.

मग ती पहाट. आई रात्रीत चौथ्यांदा उठली होती आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी पडली. मनगट मोडलं. शेजारच्या काकूंना आवाज गेला, त्या आल्या तेव्हा बाबा आईशेजारी जमिनीवर बसले होते. तिचा दुसरा हात त्यांनी हातात धरला होता आणि ते सांगत होते, "या बाईंना कुणीतरी त्यांच्या घरी पोचवा हो. फार लागलंय त्यांना."

प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घरात आता दोन पेशंट आहेत." त्या रात्री दादाने फोनवर पहिल्यांदा 'वृद्धाश्रम' हा शब्द काढला. मी खूप चिडले त्याच्यावर. तोच विचार मी सहा महिने मनात दडपून ठेवला होता, म्हणून जास्त चिडले.

'ठेवणं' हे क्रियापद मला तेव्हापासून टोचतं. "वडिलांना कुठे ठेवलंत?" लोक सहज विचारतात, कुणाच्या मनात वाईट नसतं. पण आपण वस्तू ठेवतो, दागिने ठेवतो, माणूस गहाण ठेवतो. मुलाला शाळेत 'घालतो', रुग्णालयात 'दाखल करतो', आणि म्हाताऱ्या माणसाला 'ठेवतो'. एका क्रियापदात एवढा अपराध भरलेला असतो की पुष्कळ घरं केवळ त्या शब्दाला घाबरून निर्णय पुढे ढकलत राहतात, आणि मग तो निर्णय एखाद्या पहाटेच्या अपघातात, घाईघाईने, मिळेल त्या जागी होतो. आईचं मनगट मोडायच्या आधी आम्ही जागा पाहायला सुरुवात केली असती तर बाबांनाही सोबत नेता आलं असतं, त्यांना काय आवडतं ते विचारता आलं असतं. याची खंत मला आहे.

पहिल्या फेरीत मी तीन ठिकाणं पाहिली. वेळ ठरवून, सकाळी अकराला. बाग पाहिली, भिंतींचे रंग पाहिले, स्वागतकक्षातला सोफा पाहिला, कार्यक्रमांचं छापील वेळापत्रक पाहिलं. घरी येऊन आईला सांगितलं, "छान आहे गं, प्रसन्न वाटतं." कुणाला प्रसन्न वाटतं, हा प्रश्न मला पडलाच नाही. तिन्ही जागा मी माझ्यासाठी पाहिल्या होत्या. बाबांना सोडून बाहेर पडताना माझ्या मनाला काय बरं वाटेल, तेवढंच मी शोधत होते.

त्यांतल्या सगळ्यांत देखण्या ठिकाणी बाबांना अकरा दिवसांसाठी पाठवलं, आईला जरा विश्रांती मिळावी म्हणून. परत आले तेव्हा मान छातीवर होती. पाय फरफटत होते, जीभ जड होती. वजन कमी झालं होतं. विचारल्यावर उत्तर मिळालं, "रात्री फार त्रास द्यायचे, म्हणून डॉक्टरांनी थोडं औषध सुरू केलं." कोणतं औषध, कोणी पाहिलं, किती दिवसांसाठी, काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्हाला विचारलेलं नव्हतं. त्या औषधाचा असर उतरायला तीन आठवडे लागले. त्यानंतर ते पूर्वीइतके चालले नाहीत.

भ्रम-भासांसारख्या मानसविकारांवरची ही औषधं, म्हणजे अँटिसायकोटिक, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे. ल्युई बॉडी प्रकारात तर ती जिवावर बेतू शकतात. कधीच द्यायची नाहीत असं नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल आणि बाकीचे सगळे उपाय करून झाले असतील, तर थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी, वारंवार तपासून देतात. पण रात्रपाळीला माणसं कमी आहेत म्हणून कुणाला झोपवून ठेवणं हा उपचार नाही. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी माझा पहिला प्रश्न हाच असायचा. माणूस रात्री दोन वाजता उठून फिरायला लागला, तर तुम्ही काय करता? ज्या जागी उत्तर औषधाच्या नावाने सुरू व्हायचं तिथून मी उठायचे. एका ठिकाणचा मदतनीस म्हणाला होता, "मग आम्हीपण फिरतो त्यांच्याबरोबर. दोन चकरा झाल्या की बसतात." ती जागा आम्हाला फार लांब पडली, नाहीतर तिथेच थांबले असते.

दुसऱ्या फेरीत मी वेळ बदलली. बाबांची कठीण वेळ दिवेलागणीची, तर मी दिवेलागणीलाच जायला लागले. एकच जागा सकाळी अकराला आणि संध्याकाळी साडेसहाला दोन वेगळ्या जागा असतात. सकाळी गाणी चालू असतात. संध्याकाळी पाळी बदलते, मोठा टीव्ही कुणीही पाहत नसताना मोठ्यांदा चालू असतो, कुणीतरी दाराशी उभं राहून हाका मारत असतं, आणि त्या हाकेकडे कोण, किती वेळाने, कसं वळून पाहतं हे दिसतं. मला एवढंच पाहायचं होतं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत अर्धा तास बसायचे. बसू न देणारी जागा मी यादीतून काढली.

आणि मी जमिनीकडे बघायला शिकले. या आजारात डोळ्यांना दिसतं, पण मेंदूला त्याचा अर्थ लागत नाही. दाराशी काळं पायपुसणं असेल तर तो खड्डा वाटतो, आणि माणूस ते ओलांडायला तयार होत नाही. चकचकीत फरशी ओली वाटते. पांढऱ्या भिंतीजवळचं पांढरं कमोड दिसतच नाही, मग 'कुठेही करतात' म्हणून बोल लागतात. बोस्टनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्या ताट-पेल्यांऐवजी लाल रंगाचे दिले, तर त्यांचं खाणं साधारण पंचवीस टक्क्यांनी आणि पिणं चौऱ्याऐंशी टक्क्यांनी वाढलं. रुग्ण मोजकेच होते, पण ते वाचल्यावर मी घरी बाबांचं ताट बदललं. ताटातला पदार्थ पहिल्यांदा नीट दिसल्यासारखे ते जेवले. 'हल्ली जेवतच नाहीत' असं आम्ही वर्षभर म्हणत होतो.

जगात याहून पुष्कळ पुढे गेलेले प्रयोग आहेत. नेदरलँड्समधल्या वेस्प इथे २००९ मध्ये होगेवेक नावाचं एक गावच उभं राहिलं. सहा-सात जणांची छोटी घरं, रस्ते, चौक, नाट्यगृह. राहणारे सगळे गंभीर स्मृतिभ्रंशाचे. ते आपल्या मनाने गावभर फिरतात, कुलूप फक्त गावाच्या वेशीला. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमासमोर एक बसथांबा केलेला आहे, जिथे बस कधीच येत नाही. 'घरी जायचंय' म्हणणारी माणसं तिथे बाकावर येऊन बसतात, कुणीतरी शेजारी येऊन गप्पा मारतं, आणि काही वेळाने बस विसरून ती आत येतात. हे फसवणं आहे का, यावर मी खूप दिवस विचार केला. बाबा आयुष्यभर चुकीला चूक म्हणत आलेले. पण रोज संध्याकाळी 'तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली' असं सांगून त्यांना दरवेळी नव्याने सुतक देणं, हे सत्य मला पेलत नाही. त्या बाकावर शेजारी येऊन बसणारं माणूस असेल, तर मला तो थांबा चालेल. नुसताच बाक असेल तर नाही.

कागदोपत्री प्रश्न दादाने विचारले, त्याला ते जमतं. रात्री किती जणांमागे किती माणसं, ती माणसं या कामासाठी शिकलेली आहेत का, वर्षभर टिकतात की दर महिन्याला बदलतात. पडले तर घरी कधी कळवता. बांधून ठेवता का. आजार वाढला, चालणं थांबलं, गिळता येईना, तर इथेच सांभाळता की घेऊन जायला सांगता. शुश्रूषा वाढली की शुल्क कसं वाढतं, हे करारात कुठे आहे. शेवटून दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात. आज चालता-बोलता माणूस आपण पाठवतो आणि हा आजार त्याला कुठवर नेणार आहे हे डोळ्यांसमोर आणवत नाही. पण दोन वर्षांनी, त्या अवस्थेत, पुन्हा नवी जागा शोधायला लागणं यासारखं हाल दुसरं नाही.

मी मात्र कान देऊन बसायचे ते बोलण्याकडे. ऐंशी वर्षांच्या माणसांना "चला बाळा, आऽ करा", "शहाणं ना आमचं सोनू ते", "ए आजोबा, उठ". प्रेमानेच बोलतात बहुतेक जण. पण क्रिस्टीन विल्यम्स यांनी सहकाऱ्यांसोबत २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासलं होतं. रुग्णांशी बाळबोलीत बोललं की अंघोळीला, कपडे बदलायला ते विरोध करण्याची शक्यता वाढते. नेहमीसारखं, मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललं की कमी होते. मला याचं नवल वाटलं नाही. नाव विसरलेल्या माणसालाही आपला पाणउतारा झालेला कळतो.

शेवटी जी जागा आम्ही निवडली तिच्या भिंतीचा पोपडा निघालेला होता. बाग म्हणावी अशी नव्हती, मागे एक गोल पायवाट होती, जी फिरून पुन्हा दाराशीच येते. यावेळी बाबांना सोबत नेलं होतं. मुख्य सिस्टरनी आम्हाला बसवलं आणि पहिला प्रश्न मला किंवा दादाला नाही, बाबांना विचारला. "तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडते?" बाबांनी जरा विचार केला. "कामावर अण्णा म्हणतात मला." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. छापखान्यातलं ते नाव आम्ही वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

टेबलावर त्यांचं माहितीपत्रक होतं. आम्ही बोलत असताना बाबांनी ते ओढून घेतलं, खिशातली पेन्सिल काढली. आधीच्या एका ठिकाणी असंच झालं होतं तेव्हा तिथल्या बाईंनी "छान छान, चित्र काढताय का?" म्हणून कागद हळूच काढून घेतला होता. सिस्टर थांबल्या. वाकून पाहिलं. पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं 'स्मृतीभ्रंश'. बाबांनी 'ती'ची दुसरी वेलांटी खोडून पहिली केली होती आणि समासात नेटकी खूण.

"का हो अण्णा?" सिस्टरनी विचारलं. खरंच विचारलं, कारण त्यांना माहीत नव्हतं.

आणि बाबा बोलायला लागले. "एकटा असला की दीर्घ. स्मृती. पण सामासिक शब्दात आधी आला, की मूळचा ऱ्हस्व परत येतो. स्मृतिभ्रंश. तसंच मती, पण मतिमंद. शांती, पण शांतिदूत. लोकांची फार गल्लत होते इथे." एका दमात, न अडखळता. गेल्या सहा महिन्यांत त्यांनी सलग चार वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती. स्वतःच्या आजाराचं नाव त्यांनी शुद्ध करून दिलं होतं. तो आपला आजार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडे अजून दोन-तीन पत्रकं आहेत. सवडीने बघून द्याल?"

बाबा म्हणाले, "ठेवून जा."

दादाने टेबलाखाली माझा हात दाबला.

पुढचं सोपं झालं असं मी म्हणणार नाही. पहिला महिना वाईट होता. बाबा दार वाजवायचे, दोन रात्री जेवले नाहीत. आई घरी रिकाम्या खुर्चीसमोर बसायची, आणि झोपायला मिळत असूनही तिला झोप येत नव्हती. आम्ही त्यांची खुर्ची, लाकडी पट्टी आणि टेबलावरचा दिवा नेऊन दिला. सिस्टरनी त्यांच्यावर दोन पानं लिहून मागितली. काय आवडतं, कशाला घाबरतात, अंघोळ सकाळी की संध्याकाळी, कोणत्या कानाने नीट ऐकू येतं. मी नऊ पानं लिहिली. ती तिथल्या मदतनिसांनी वाचली, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. एक मुलगा त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलत होता. बाबांचा उजवा कान गेलेला आहे.

"त्यांना कुठे आठवतं तू येऊन गेलीस ते? कशाला एवढी धावपळ?" असं मला बरेच जण विचारतात. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं आहे. अल्झायमरच्या रुग्णांना आनंदाचे आणि दुःखाचे चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्याच वेळात काय पाहिलं ते बहुतेकांना सांगता येईना, पण ती भावना मागे राहिली होती. मी येऊन गेल्याचं बाबांना दहा मिनिटांत आठवत नाही. सिस्टर मात्र सांगतात, आई येऊन गेली की त्या संध्याकाळी ते दाराशी जात नाहीत.

आई एक दिवसाआड जाते. मनगट अजून पुरतं वळत नाही. ते तिला 'तुम्ही'च म्हणतात. पहिल्यांदा रडलेली आई आता म्हणते, "इतक्या मानाने लग्नातसुद्धा बोलले नव्हते गं माझ्याशी." एकदा जाताना तिने सांगितलं, "अहो, येते मी." ते म्हणाले, "या परत. तुम्ही आलात की बरं वाटतं." ती ते वाक्य फोनवर मला तीनदा सांगत होती.

हल्ली त्यांना वाचता येत नाही. अक्षरं उरली आहेत, त्यांचे शब्द होत नाहीत. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ते दिव्याखाली बसले होते. पुढ्यात कोरा कागद, ओळीखाली पट्टी धरलेली, आणि त्या ओळीवर डावीकडून उजवीकडे वेलांट्या काढत होते. अक्षरं नाहीत, नुसत्या वेलांट्या. सगळ्या पहिल्या. पट्टी एक बोट खाली सरकवायची, पुढची ओळ.

जेवणाची वेळ झाली होती. डाव्या बाजूला येऊन तो मुलगा खाली वाकला.

"अण्णा, झालं का पान?"

बाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अजून एकदा नजर फिरवायची आहे."

"फिरवा निवांत," तो म्हणाला, आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसला.